‘समजले’ या शब्दाचा अर्थ
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला येथे बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. माझे आयुष्य कारखान्यांत माणसांना काम शिकविण्यात गेले. मजजवळ पांडित्य नाही. परंतु आज आपल्यापैकी अनेक घरांतील मुलेमुली पुण्या-चाकणच्या परदेशी कंपन्यांत आहेत, कित्येक परदेशीही आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल असा एकच अनुभव सांगतो.

एका परदेशी कंपनीत नव्या यंत्रावर माणसे तयार करण्याच्या कामी मी साहाय्यक होतो. तिकडून आलेले अभियंते प्रत्येक कृती समजावून देत आणि शेवटी विचारीत, “समजले ना?” आमची मुले एकमुखाने ‘हो’ म्हणत. दुसऱ्याच दिवशी यंत्र अडले. अभियंता संतापून म्हणाला, “मग ‘हो’ का म्हणालात?” मुले खोटे बोलली नव्हती. वडीलधाऱ्याने कष्टाने सांगितल्यावर ‘समजले नाही’ म्हणणे त्यांना उपमर्द वाटे. त्यांच्या ‘हो’चा अर्थ ‘आपले बोलणे आदराने ऐकले’ एवढाच होता. खरा दोष माझा. दोन्ही रीती ठाऊक असून मी गप्प राहिलो.

हा भेद केवळ आपल्यापुरता नाही. गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकांनी आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या नोकरवर्गाकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासल्या. वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर किती स्वाभाविक मानावे, याविषयी निरनिराळ्या देशांत मोठी तफावत आढळली. कंपनी एकच, पण वरिष्ठाशी मतभेद बोलून दाखविण्याचे धारिष्ट्य निरनिराळे. अर्थात, देशाची सरासरी म्हणजे प्रत्येक माणसाची जन्मपत्रिका नव्हे, हेही विसरू नये.

अर्थ न पोचल्याची किंमत कधी फार मोठी असते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून न्यूयॉर्कजवळ कोसळले. १५८ पैकी ७३ माणसे दगावली. ‘आम्हांला प्राधान्य हवे’, ‘इंधन संपत आले आहे’ असे विमानातून कळविले गेले होते. परंतु ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द उच्चारला गेला नाही, आणि ऐकणाऱ्यांना प्रसंगाचे गांभीर्य उमगले नाही. शब्द पोचले, अर्थ वाटेतच राहिला.

मग उपाय कोणता? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत नवखी माणसे त्वरेने तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही पद्धत निघाली. युद्धानंतर ती जपानातही रुजली. तिच्या पायऱ्या चार: शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करणे, कृती दाखविणे, ती त्याच्याकडून करवून घेणे आणि पुढेही लक्ष ठेवणे. कामगार शिकला नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही, हे तिचे सूत्र. आमचे घोडे तिसऱ्या पायरीवर अडले होते. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी “आता आपण करून दाखवा, आणि असे का करावयाचे तेही सांगा” असे म्हणावे. चूक झाल्यास चारचौघांत नव्हे, एकांतात दाखवावी. वाक्ये लहान असावीत, म्हणी टाळाव्यात. ‘तोंडाला पाने पुसली’ हे शब्दशः इंग्रजीत सांगून पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल!

आपल्या तरुणांनाही एक विनंती. आपल्याकडे ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ हा पुष्कळदा सौम्य नकार असतो. परका माणूस त्याला वचन समजून बसतो. जमणार नसेल तर नम्रपणे तसे सांगावे. सूचना ऐकल्यावर “मला असे समजले, ते बरोबर आहे ना?” असे विचारावे. हा उद्धटपणा नव्हे.

मात्र ही सवय कंपनीत गेल्यावर लागत नाही. मुलाने ‘का?’ म्हणून विचारताच ‘उलट बोलू नकोस’ असे आपण दरडावतो, आणि पुढे तोच मुलगा परक्या वरिष्ठापुढे मुका होतो. आदर आणि प्रश्न एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हे आपण वडीलमंडळींनी प्रथम शिकले पाहिजे.

समजले की नाही, हे मात्र मी विचारणार नाही; आपल्या घरी मुले प्रश्न विचारू लागली, म्हणजे मला उत्तर मिळेल.