अडलेलें पाणी कोणाचें?

(वाशीम जिल्ह्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



शहरांतले शिकलेले इंजिनियर बिनपगारी येऊन आपल्या नाल्यावर बंधारा आंखून देतील काय, अशी चर्चा गांवांत चालली आहे. येतील, अवश्य यावेत. पण अडलेलें पाणी कोणाचें, हा प्रश्न त्यांना सुटणार नाहीं. तो आपल्यालाच सोडवावा लागेल.

आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. अडाण, अरुणावती, पूस येथेंच उगम पावतात आणि यवतमाळची वाट धरतात. काटेपूर्णा अकोल्याकडे जाते. पाऊस आपल्या डोक्यावर, पाणी दुसऱ्याच्या शिवारांत! सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याला एक पाणी द्यावें म्हटलें तर विहिरीचा तळ दिसतो. डोंगरदऱ्यांतून बंधारे घालून पाणी मुरवा, असें जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांनाच सांगितलें होतें.

आतां एका इंजिनियरची हकीगत ऐका. १९७२ च्या दुष्काळांत पुण्याचे कारखानदार इंजिनियर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यांत हिंडले. तेथला पाऊस आपल्याहून पुष्कळ कमी. नायगांवास देवस्थानची सुमारें चाळीस एकर पडीक जमीन त्यांनीं करारानें घेतली, उताराला आडवे बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खालच्या अंगाला विहीर खणली आणि तिचें पाणी उपसून वरच्या वावरांत नेलें. पत्नी कल्पनाताईही या कामांत होत्या. येथवर इंजिनियरची विद्या झाली. अशी विद्या पुष्कळांपाशीं असते.

खरी गोष्ट पुढें आहे. त्यांनीं गांवकऱ्यांसह ‘पाणीपंचायत’ काढली आणि पाणी एकरामागें न देतां माणसामागें दिलें. दर माणशीं अर्ध्या एकराचें पाणी, कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकरांचें. शाळेंतल्यासारखा हिशेब करूं. बारा एकरांचा धनी, घरांत चार माणसें : पाणी दोन एकरांचें, उरलेले दहा एकर पावसावर. ज्याला जमीनच नाहीं, पण घरांत पांच माणसें आहेत, त्याचा वांटा अडीच एकरांचा! भूमिहीनालाही पाण्यांत हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकतां येत नसे. ऊस लावावयास मनाई, कारण एकाचा ऊस दहांची ज्वारी पितो. खर्चाचा पांचवा हिस्सा शेतकऱ्यांनीं स्वतः भरावयाचा, आणि पाणी सोडणारा पाटकरी गटानेंच नेमावयाचा. फुकट मिळालेल्या पंपाची दुरुस्ती कोणी करीत नाहीं, हें आपण जाणतोंच.

साळुंखे २००२ सालीं वारले. सरकारनें हा हिशेब राज्यांतल्या कालव्यांना लावला नाहीं. ज्याचें वावर मोठें, त्याचा शब्दही मोठा. असा कायदा कोण होऊं देईल?

आपल्या नाल्याकडे पाहा. कांठाला वावरें चार-पांच घरांचीं. बंधारा झाला कीं प्रथम त्यांच्या मोटारी लागतील, आणि माघ संपण्याच्या आंत डोह कोरडा. माती वाहतांना मात्र सुतार, कुंभार, चांभार, मजूर, सगळ्यांना हांक जाईल. श्रमदान म्हणून बायका पाट्या उचलतील. पाटी उचलणाऱ्या हाताचें माप पाण्यांत धरणार कीं नाहीं, हें बंधाऱ्याची आंखणी होण्यापूर्वींच कागदावर आलें पाहिजे. पाणी दिसूं लागल्यावर कोणी ऐकत नसतो. कांठावरच्या मंडळींना माझें बोलणें कडू लागेल. त्यांनीं येथेंच उठून बोलावें, मागें पारावर नको.

उद्यां दिवेलागणीस शाळेच्या ओट्यावर मी वही घेऊन बसणार आहें. प्रत्येकानें येऊन घरांतलीं माणसें सांगावींत. बायकांचीं व म्हाताऱ्यांचीं नांवें वगळूं नयेत. ज्यांच्या नांवावर सातबारा नाहीं, त्यांनीं आधीं यावें. त्यांचीं नांवें पहिल्या पानावर लिहीन.