बालवाडीची ताई आणि वीणेची तार
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या बालवाडी-अंगणवाडी ताईंच्या मेळाव्यातील व्याख्यान)





वर्धापनदिनाला विहारात मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने होतात. आजचा विषय मात्र तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचा आणि त्यांना शिकविणाऱ्या ताईंचा आहे. कुणी म्हणेल, हा काय विहारातला विषय झाला? आमचे म्हणणे असे, की हा विहारातलाच विषय आहे. राहुल लहान होता. परंपरा सांगते की सात वर्षांचा होता. खोटे बोलू नये, हे त्याला शिकवायचे होते. तथागतांनी काय केले? पाय धुवायच्या भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, राहुल, हे एवढेसे पाणी दिसते का? मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ केले आणि रिकामे भांडे दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे तसेच असते. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कर्म पाहून, तपासून करावे. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांनी हातातली वस्तू दाखवून शिकविले. आपण आज नुसती फळ्यावरची बाराखडी पाठ करून घेतो!

हीच रीत आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यात नेली. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केले, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. माँटेसोरीबाईंची महागडी साधने तिथे परवडणार कशी? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. पोर शाळेत येत नाही तर शाळाच पोराच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही काढली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

ताईंनो, आपल्या नागपूरच्या वस्तीतही साधनांची कमतरता नाही. चिंचोकेच घ्या. पाच चिंचोके दोन मुठींत लपवा, एक मूठ उघडा. तीन दिसले, तर दुसरीत किती? पोर आधी अंदाज करते, मग मोजते. अशा खेळातून पाच ही संख्या त्याच्या हातात येते. पाचचा आकडा नंतर गिरवला तरी चालते. चिंचोके मोजून द्या आणि मोजून परत घ्या, बरं का! लहानगी पोरे नाकात-तोंडात घालतात.

कणकेत थोडे मीठ आणि हळद घालून गोळा मळा. मुलांना लाटू द्या, चिमटू द्या, साप करू द्या. त्याने बोटांत बळ येते. बोटांत बळ आल्यावर पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. हिवाळ्यात संत्रे आणा. आधी वास घ्या, मग साल काढा, फोडी मोजा. कुणाच्या संत्र्यात जास्त निघाल्या? तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात मातीचे बैल करा. चार पाय, दोन शिंगे, एक शेपूट. ज्वारीच्या धांड्याची बंडी करता येते. उन्हाळ्यात सावलीत पाण्याचे टोपले ठेवा. लोट्यात किती पेले पाणी मावते? पान का तरंगते आणि खडा का बुडतो? एवढ्यावर अर्धी सकाळ जाते, आणि ताईचा घसाही वाचतो.

आता पालकांना दोन शब्द. आपल्याकडे शिशुवर्गाला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात. तिथले पोर तिसऱ्या वर्षी वही भरून आणते. मग आई बालवाडीत येऊन म्हणते, "ताई, पोट्टा नुसता खेळूनच राहिला, लिहिते केव्हा?" आणि दुसऱ्या महिन्यात नाव काढून नेते. तिची काळजी खोटी नाही. शिक्षणासाठी आपल्या आज्या-आजोबांनी काय सोसले ते ती विसरलेली नाही. पण माय, लिहिण्याची तयारी खेळातच होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयासाठी खेळातून शिक्षण हेच सांगितले आहे. २० जुलै १९४२ ला याच नागपुरात महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना काय सांगितले? मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा. तीन वर्षांच्या लेकराला अक्षर जमले नाही म्हणून मारले, तर तोच न्यूनगंड आपण आपल्या हाताने पेरतो.

शिकविणाऱ्या बाईची कथा नागपुरात नवी नाही. जाईबाई चौधरी १८९२ साली उमरेडला जन्मल्या. ताराबाई मोडकांचे जन्मवर्षही तेच. जाईबाईंनी नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, महिना चार रुपयांवर शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते म्हणून सवर्ण पालक खवळले आणि नोकरी गेली. तरी बाई खचल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा मुलींची शाळा काढली. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. पण आजच्या ताईला सकाळपासून कुणी पाणी विचारले का, हे विचारतो का?

ताई मुलांना शिकविते, वजने घेते, आहार वाटते, रजिस्टर भरते, मोबाईलवर माहिती चढविते. घरी गेल्यावर पुन्हा चूल. ती चिडते ते तिचा स्वभाव वाईट म्हणून नव्हे. सोण नावाचा भिक्षू चालून चालून पाय रक्तबंबाळ करीत होता. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? नाही, भन्ते. ताईंनो, तुमची तार ताणलेली आहे.

म्हणून मुले यायच्या आधी पाच मिनिटे स्वस्थ बसा. श्वास येतो-जातो तेवढे पाहा. मैत्रीभावना करताना सुरुवात स्वतःपासून करा. तशीच रीत आहे. वर्गात गोंगाट झाला तर आवाज चढवू नका, टाळीचा ताल धरा. राग आला तर पोरांसमोर खाली बसा. उभ्याने राग वाढतो. महिन्यातून एकदा चार ताईंनी एकत्र बसून आपले बोलावे.

पण आनापान सांगून कुणी ताईचे मानधन बुडवू नये. मनाची शांती पोटाला पुरत नाही. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत राज्यातल्या सेविकांनी मानधन आणि पेन्शनसाठी संप केला. त्या वेळी अंगणवाडी बंद म्हणून आपण कुरकुरलो असू, तर थोडा विचार करावा. संघटित व्हा, संघर्ष करा, हे त्यांनी आपल्याकडूनच घेतले ना?

शेवटी विहार कमिटीला नम्र सूचना. एक, सकाळी विहाराचे सभागृह रिकामे असते, ते बालवाडीला खुले करावे. दोन, दाराशी एक पोते ठेवावे. घराघरातून चिंचोके, बुचे, शिंप्याकडच्या चिंध्या, रिकामे रीळ त्यात यावेत. तीन, महिला मंडळाने पाळी लावून आठवड्यातून एक दिवस ताईच्या मदतीला एक बाई द्यावी, म्हणजे तिला अर्धा तास बसून चहा पिता येईल. चार, तिच्या मानधनाचा कागद अडला तर शिकलेल्या तरुणांनी तिच्यासोबत कार्यालयात जावे. यात खर्च जवळजवळ नाही. पुढच्या वर्धापनदिनी या चारपैकी किती झाले, तेवढे या व्यासपीठावरून वाचून दाखवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!