फिलिप बेटावरील कोआला अभयवन

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्न शहरापासून मोटारीने सुमारे १४० किलोमीटर अंतरावर वेस्टर्न पोर्ट नावाचा उपसागर आहे. त्याच्या मुखाशी फिलिप बेट वसले आहे. सॅन रेमो या गावापासून एका पुलाने ते मुख्य भूमीशी जोडलेले आहे. या भूमीचे मूळचे रहिवासी असलेले बुनुरोंग लोक बेटाला मिलोल म्हणत. सायंकाळी समुद्रातून रांगेने किनाऱ्यावर परतणाऱ्या छोट्या पेंग्विन पक्ष्यांमुळे या बेटाचे नाव जगभर झाले आहे. पण ज्या प्रवाशापाशी दुपारचे दोन तास मोकळे असतात तो बहुधा बेटाच्या मध्यभागी असलेल्या कोआला अभयवनाकडे वळतो, आणि आजचे भाषण त्या अभयवनाविषयी आहे.

प्राणिसंग्रहालयाची कल्पना मनात घेऊन येणाऱ्यास येथे प्रथम थोडी निराशाच पदरी येते. पिंजरे नाहीत, खंदक नाहीत, खाण्याच्या वेळेची घंटाही नाही. बाहेरून कुंपण असलेले निलगिरीच्या जातीच्या वृक्षांचे देशी रान आहे, आणि त्या रानातून झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर लाकडी पायवाटा बांधलेल्या आहेत. या वाटेवरून चालताना माणूस फांद्यांच्या पातळीवर येतो. एखाद्या दुबेळक्यात करड्या लोकरीचा गोळा अडकवून ठेवल्यासारखा दिसतो. तोच कोआला. तो बहुधा झोपलेला असतो. शाळेच्या सहलीबरोबर आलेली मुले त्याने डोळे उघडावेत म्हणून ताटकळत उभी राहतात, आणि वनरक्षक त्यांना हलक्या आवाजात सांगतात की, हा प्राणी दिवसाच्या चोवीस तासांपैकी अठरा ते वीस तास विश्रांतीतच घालवतो.

त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचा आहार पाहिला पाहिजे. कोआला जवळजवळ सर्वस्वी निलगिरीच्या पानांवर जगतो. ही पाने चिवट, कमी पोषक आणि विषारी द्रव्यांनी भरलेली असतात. सर्दीपडशात आपण ज्या तेलाचा वास घेतो ते याच पानांतले, आणि ते इतर बहुतेक प्राण्यांना पचत नाही. कोआलाच्या यकृतात ही विषे निकामी करण्याची असाधारण शक्ती आहे, व त्याच्या आतड्यातील अंधनाल सुमारे दोन मीटर लांब असून त्यात राहणारे सूक्ष्मजंतू पानांचा चोथा आंबवून त्यातले सत्त्व काढतात. दिवसाकाठी अर्धा ते एक किलो पाला खाऊनही हाती येणारी शक्ती थोडीच असते. ती जपून वापरण्याचा त्याला सापडलेला मार्ग म्हणजे झोप.

पुष्कळ लोक त्याला अस्वल समजतात. युरोपीय वसाहतकारांनी चालू केलेला हा गैरसमज अद्यापि पुरता गेलेला नाही. कोआला हा कांगारूसारखाच शिशुधान स्तनी प्राणी आहे. मादीचा गर्भकाळ अवघा पस्तीस दिवसांच्या आसपास असतो. जन्मलेले पिलू सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचे, वजनाने एक ग्रॅमही न भरणारे, आंधळे आणि केसहीन असते. ते आपल्या बळावर सरपटत आईच्या पोटावरील पिशवीत शिरते आणि पुढचे सहा महिने तेथेच दुधावर वाढते. त्यानंतर आई त्याला काही काळ आपल्या अंधनालातून येणारा एक मऊ लगदा चाटवते. ऐकणाऱ्याला हे किळसवाणे वाटेल, पण पाने पचविणारे सूक्ष्मजंतू पिलाच्या पोटात जाण्याचा हाच मार्ग आहे. वनरक्षक ही गोष्ट सांगतात तेव्हा मुले नाके मुरडतात, आणि बहुधा हीच गोष्ट घरी जाऊन सर्वांत आधी सांगतात.

महाराष्ट्रातील ऐकणाऱ्यास निलगिरी परकी नाही. तथापि तिचे हे नाव मात्र आपल्या भूमीत पडले. १८४३ साली निलगिरी पर्वतात उटकमंड येथे ऑस्ट्रेलियातील ब्ल्यू गम या जातीची लागवड झाली आणि ज्या डोंगरावर हे झाड वाढले त्याचेच नाव मराठीत झाडाला मिळाले. पुढे सामाजिक वनीकरणाच्या काळात ते आपल्या बांधांवर आणि पडिक जमिनींवर पोचले. ऑस्ट्रेलियात मात्र निलगिरी हे एक झाड नसून सातशेहून अधिक जातींचे एक कूळ आहे आणि कोआला त्यांपैकी थोड्याच जातींवर नियमाने जगतो. व्हिक्टोरियात मॅना गम ही त्याची सर्वांत आवडती जात होय. त्याखालोखाल स्वॉम्प गम आणि ब्ल्यू गम. शिवाय एकाच जातीच्या दोन झाडांपैकी एकाचा पाला तो आवडीने खाईल आणि शेजारच्याला तोंडही लावणार नाही. पानांतील विषांचे प्रमाण झाडागणिक बदलते व ते त्याला वासावरून कळते. यामुळे ‘कुठेही झाडे लावा आणि कोआला वाचवा’ असा सोपा हिशेब येथे चालत नाही.

झाड त्याला केवळ खाद्य पुरवीत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, शेजारच्याच फ्रेंच बेटावर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, कडक उन्हाच्या दिवशी कोआला खालच्या जाड बुंध्याला पोट लावून पसरून बसतात, कारण तो बुंधा भोवतालच्या हवेपेक्षा बराच थंड असतो. कोआला पाणीच पीत नाही अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पावसात बुंध्यावरून ओघळणारे पाणी तो जिभेने चाटतो हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनी दाखवून दिले. म्हणजे अन्न, पाणी, थंडावा आणि निवारा या चारही गोष्टी त्याला एका झाडापाशीच मिळतात. असे झाड पडले की त्याच्यावर काय ओढवते हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

अशा प्राण्यावर माणसाने एकेकाळी काय प्रसंग आणला, तो इतिहास कठोर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी कोआलाची मऊ, पाणी न धरणारी कातडी लंडन आणि अमेरिकेच्या बाजारात लाखोंनी जात असे. व्हिक्टोरियाने १८९८ साली कोआलाला कायद्याचे संरक्षण दिले, पण तोवर तेथील संख्या अत्यंत घटली होती. क्वीन्सलँडमध्ये १९२७च्या ऑगस्टमध्ये, शेतकऱ्यांना उत्पन्न मिळावे म्हणून, शासनाने शिकारीला एक महिन्याची परवानगी दिली. त्या एका महिन्यात सुमारे सहा लाख कोआला मारले गेले. त्यापूर्वीच लोकांनी, वृत्तपत्रांनी आणि धर्मगुरूंनी जाहीर निषेध केला होता. त्या महिन्यानंतर मात्र तेथे शिकारीचा हंगाम पुन्हा कधी उघडला नाही. लोकमत जागे होण्यास इतकी मोठी किंमत मोजावी लागली ही खेदाची गोष्ट आहे.

व्हिक्टोरियाचे कोआला वाचले ते बेटांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही थोडे कोआला फ्रेंच बेटावर नेऊन सोडण्यात आले होते. तेथे शिकारी नव्हते, वणवे क्वचित लागत, आणि मूळ प्राणी मोजकेच असल्याने क्लॅमिडिया हा जंतुरोगही त्यांच्यात पोचला नाही. त्यांची संख्या इतकी वाढली की, झाडे ओरबाडली जाऊ लागली. १९२३पासून तेथले कोआला इतर बेटांवर आणि पुढे मुख्य भूमीवर हलविण्याची योजना सुरू झाली. आज व्हिक्टोरियातील बहुतेक कोआला या बेटांवरील थोड्या पूर्वजांचे वंशज आहेत. साहजिकच त्यांच्यात आनुवंशिक विविधता कमी आहे. जीव वाचविण्याच्या घाईत घेतलेल्या कर्जाचे हे व्याज आहे.

फिलिप बेटावरील कोआलाही असेच बाहेरून आणलेले. काही काळ ते इतके वाढले की, येथूनही ते अन्यत्र नेले जात. मग बेटावर घरे वाढली, रस्ते रुंद झाले, मोटारी वाढल्या, पाळीव कुत्री आली. क्लॅमिडियाने अनेक माद्यांचे जनन खुंटले. दोन झाडांच्या पुंजक्यांमधून जमिनीवर उतरून रस्ता ओलांडणारा कोआला मोटारीखाली सापडू लागला. जी संख्या एकदा डोईजड वाटली होती ती हातची जाण्याच्या बेतात आली, तेव्हा १९९०च्या दशकाच्या आरंभी हे अभयवन आणि शिक्षणकेंद्र उभे राहिले. १९९६ साली बेटावरील अशा सर्व संरक्षित जागा एका शासकीय, पण स्वतःच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्थेच्या हाती आल्या. पेंग्विन आणि कोआला पाहण्यासाठी दिलेल्या प्रवेशशुल्कातून संशोधन, लागवड आणि वनरक्षकांचे काम चालते.

केंद्रातील शिक्षणाची रीत शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. येथे कोआला कुशीत घेऊन छायाचित्र काढता येत नाही. व्हिक्टोरियात पाहुण्यांनी कोआला हाताळण्यास कायद्याने मनाई आहे. क्वीन्सलँडमध्ये ही मुभा आहे. ब्रिस्बेनजवळच्या लोन पाइन या १९२७ साली स्थापन झालेल्या सुप्रसिद्ध कोआला-उद्यानाने मात्र २०२४ साली आपण होऊन ही प्रथा बंद केली. सहलीतील मुलांना हा नियम प्रथम खट्टू करतो. पण हातात काहीच द्यावयाचे नसल्याने त्यांना दाखवावयाचे पुष्कळ उरते. बुंध्यावरचे नखांचे ओरखडे, खाली पडलेल्या, निलगिरीचा वास येणाऱ्या लेंड्या, पंजाची दोन बोटे अंगठ्यांसारखी उरलेल्या तिघांसमोर कशी येतात, बोटांवर माणसासारखे ठसे कसे असतात, हे सारे डोळ्यांनी आणि नाकाने शिकावयाचे. विणीच्या मोसमात नराची घोगरी, डुकराच्या घुरघुरीसारखी डरकाळी रानात घुमते. एवढ्याशा प्राण्याच्या नरड्यातून ती निघते यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

या केंद्रात येणारा पाहुणा पुष्कळदा एक प्रश्न विचारतो: कोआला नष्ट होत आहे की वाढत आहे? उत्तर सरळ नाही. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेश येथील कोआलांना केंद्र शासनाने २०१२ साली असुरक्षित ठरविले आणि फेब्रुवारी २०२२मध्ये संकटग्रस्त जातींत घातले. जंगलतोड, दुष्काळ, रोग आणि २०१९-२०चे भीषण वणवे ही त्याची कारणे. उलट दक्षिणेकडे, म्हणजे व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत, कोआला दाटीने राहतात आणि आपलीच झाडे खाऊन संपवितात. केप ऑट्वे येथे मॅना गमची झाडे निष्पर्ण होऊन कोआला उपासमारीने खंगू लागले, तेव्हा २०१३ आणि २०१४ साली व्हिक्टोरियाच्या शासनाने ६८६ कोआलांना वेदनारहित मरण दिले. ही गोष्ट लोकांपासून झाकून ठेवली गेली व २०१५ साली उघड झाली. निर्णयामागचे कारण अनेकांना पटले. लपवाछपवी कोणालाच पटली नाही. प्रशासनात असणाऱ्यांनी त्या प्रकरणाचा हा दुसरा भाग विशेष विचारात घ्यावा.

तीच गत निलगिरीच्या व्यापारी लागवडीची. नैर्ऋत्य व्हिक्टोरियात कागदाच्या लगद्यासाठी ब्ल्यू गमची विस्तीर्ण लागवड झाली. कोआला तेथे आनंदाने राहावयास गेले. झाडे तोडीला आली तेव्हा शेंड्यांवर कोआला होते. आता तोडीपूर्वी झाडन् झाड तपासून कोआला असलेले झाड व भोवतालची काही झाडे तात्पुरती राखावी लागतात. तोड संपल्यावर त्या प्राण्यांनी कोठे जावे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

रोगाच्या बाबतीत मात्र थोडी आशा आहे. क्लॅमिडियावरील लशीस २०२५ साली ऑस्ट्रेलियात वापराची मान्यता मिळाली. रानातल्या, झाडाच्या टोकावर बसणाऱ्या प्राण्याला ती टोचावयाची कशी, हे काम सोपे नाही. तरी रुग्णालयांत आणलेल्या कोआलांना तिचा लाभ देता येईल. न्यू साउथ वेल्समधील पोर्ट मॅक्वारी येथे तर १९७३पासून केवळ कोआलांसाठीच एक रुग्णालय चालते, आणि त्याचा भार मुख्यतः स्वयंसेवकांनी वाहिला आहे.

पंचायत सदस्यांना फिलिप बेटावरील आणखी एक हकिकत उपयोगी वाटेल. ती कोआलाची नसून पेंग्विनची आहे, पण जागा तीच आणि प्रश्नही तोच. बेटाच्या पश्चिम टोकाला समरलँड नावाची वसाहत होती: घरे, दुकाने, रस्ते, सारे काही. पेंग्विनांची बिळे त्याच जमिनीत. १९८५ साली राज्य शासनाने ती सबंध वसाहत विकत घेण्याचे ठरविले. सातशेहून अधिक भूखंड होते. मालकांना हे रुचणे शक्यच नव्हते; अनेकांच्या बालपणीच्या सुट्ट्या त्या घरांत गेल्या होत्या. खरेदी रेंगाळली, पैसा कमी पडला, शासने बदलली, पण योजना सोडली गेली नाही. २०१० साली, पंचवीस वर्षांनी, ती पुरी झाली. घरे उतरविली, रस्ते उखडले आणि तेथे पुन्हा देशी झुडपे लावली. २०१७ साली बेट कोल्ह्यांपासून मुक्त झाल्याचे घोषित झाले.

कोआला अभयवनात आजही दर वर्षी मॅना गमची रोपे लावली जातात. ज्या जुन्या झाडांचा पाला फार खाल्ला गेला आहे त्यांच्या बुंध्यांना, कोआलाला वर चढता येऊ नये म्हणून, गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बांधून त्यांना पालवण्याची सवड देण्याची रीत व्हिक्टोरियात आहे. नवे रोप कोआलाचा भार पेलण्याइतके वाढावयास कित्येक वर्षे जातात. तोवर वनरक्षक लाकडी वाटेवरून फेरी घालताना कोणता कोआला आज कोणत्या झाडावर आहे याची नोंद करीत असतात.