दाबला की सूर चढतो, पण सगळ्यांचा नाही!

हातात मोबाईल आहे ना? त्याच्या चिपमधला सिलिकॉन आत्ता थरथरतोय. स्फटिकातले अणू जागच्या जागी हलतात, तेही शेजाऱ्यांना सोबत घेऊन, लाटेसारखे. या कंपनांना म्हणायचं फोनॉन.

आता सिलिकॉनचा कण दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरून दाबला तर? तबल्याची वादी ताणली की सूर चढतो, तसंच. अणू जवळ येतात, बंध ताठ होतात, कंपन वेगवान होतं. हे मोजायला 1928 चा रामन परिणाम कामी येतो. लेझर टाकला की सिलिकॉनची खूण 520 या आकड्यावर दिसते. (एकक आहे दर सेंटिमीटर.) दर गिगापास्कलला, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहा हजार पटींना, ती सुमारे 5 ने वर सरकते.

पण काही आडवी, संथ कंपनं दाबाखाली उलट आणखी संथ होतात! कारण इथे प्रत्येक अणूला फक्त चार शेजारी, रचना ऐसपैस. बाजूला सरकायला होणारा विरोध दाबाने कमी होतो. सुमारे 12 गिगापास्कलला तर ही रचनाच मोडते आणि सिलिकॉन चक्क धातू होतो.

याचा उपयोग? इलेक्ट्रॉन वेगाने धावावेत म्हणून चिपमध्ये सिलिकॉन मुद्दाम ताणतात किंवा दाबतात. ताण नेमका किती बसलाय, हे चिप न फोडता कसं कळणार? लेझर टाका, 520 ची खूण कुठे सरकली ते बघा. खाली गेली तर ताणलाय, वर गेली तर दाबलाय. अणूच सांगतात!