कौआ मासा घरी आणण्याआधी

मी झाशीहून बोलतोय. आजचा विषय एका प्रश्नावरून घेतलाय, जो मला सारखा विचारला जातो: "दादा, चार प्रकारचे मासे असलेल्या टाकीत कौआ मासा सोडला तर चालेल का?"

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इकडच्या हिंदीत कौआ, बंगालीत काकिला, आणि शास्त्रीय नाव झेनेंटोडॉन कॅन्सिला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. अंग बोटासारखं सडपातळ, रंग हिरवट-चंदेरी आणि पुढे दातांनी भरलेली लांब चोच. कोकणातल्या मंडळींनी टोळ मासा खाल्ला असेल, त्याचाच हा गोड्या पाण्यातला नातेवाईक. आमच्या बेतव्यातही तो आहे. पाण्याच्या वरच्या थरात काडीसारखा स्थिर उभा असतो आणि छोटा मासा जवळ आला की मान वळवल्यासारखा झटका देऊन त्याला आडवा धरतो.

दुकानदार सांगतो, "एकदम शांत मासा, कुणाच्या मागे लागत नाही." ते खरंच आहे. हा कुणाचे पंख कुरतडत नाही, जागेसाठी भांडत नाही. पण शांत म्हणजे निरुपद्रवी नव्हे. भांडखोर मासा रागाने मारतो, शिकारी मासा भुकेने. त्याच्या लेखी सोबतीचे दोनच प्रकार आहेत, तोंडात मावणारे आणि न मावणारे. गप्पी, निऑन टेट्रा, झेब्रा डॅनिओ हे सगळे पहिल्या प्रकारात. त्यांच्यासोबत ठेवलात तर रोज सकाळी मोजणी कमी भरेल, आणि त्यात माशाचा काहीच दोष नसेल.

मग चालेल का? चालेल. पण आपल्या टाकीत तो आणायचा नाही, त्याच्यासाठी टाकी मांडायची आणि बाकीचे सोबती त्याच्या बेताने निवडायचे.

आधी जागा. हा मासा 40 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो आणि अंग लवचीक नसल्यामुळे त्याला वळायला रुंदी लागते. म्हणून मी 5 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड फूट उंच असं माप सांगतो. म्हणजे साधारण 425 लिटर. उंच टाकी दिसायला छान, पण याच्या काही कामाची नाही, कारण तो वरच राहतो.

दुसरं म्हणजे त्याचा बुजरेपणा. खोलीत अचानक दिवा लावला, कुणी काचेवर टकटक केली, की तो सुसाट सुटतो आणि काचेवर आदळतो. चोच दुखावली की खाणं बंद, आणि खाणं बंद झालं की मासा गेला. म्हणून टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लावा, वर तरंगत्या वनस्पती सोडा आणि खोलीतला दिवा आधी, टाकीचा नंतर लावा. झाकण घट्ट हवं, कारण हा उडीही मारतो.

झाकण मात्र जाळीचं करा. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा 45 च्या पुढे जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. जाळीवरून छोटा पंखा फिरवला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. हवेचा पंपही रात्रंदिवस चालू ठेवा, वीज जाते तिथे बॅटरीवरचा.

आता खाणं. सुरुवातीला हा फक्त हलणारं खातो. पण बाजारातले स्वस्त गोल्डफिश रोज घालू नका. त्यांच्यासोबत रोग येतात, आणि त्यांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते 'ब-1' जीवनसत्त्व नष्ट करतं. घरी वाढवलेले गप्पी, गांडूळ, चिमट्यात धरून पृष्ठभागावर हलवलेला झिंगा असं हळूहळू वळण लावा. महिना लागेल, कधी जास्त. तेवढा धीर नसेल तर हा मासा तुमच्यासाठी नाही.

सोबती कोण? तळाशी राहणारे लोच, म्हणजे बोटिया. मधल्या थरात चांगले वाढलेले, रुंद अंगाचे बार्ब. पंख कुरतडणारा टायगर बार्ब नको, दांडगाई करणारे मोठे सिक्लिडही नकोत. तळ, मध्य आणि वर अशी वाटणी झाली की टाकी सुखाने नांदते.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. चोच पाहून काही जण कौआच्या जागी अ‍ॅलिगेटर गार घेऊन येतात. तो अमेरिकेतला मासा, याचा नातेवाईकसुद्धा नाही. 2011 मध्ये मिसिसिपीत सापडलेला एक गार अडीच मीटरहून लांब आणि जवळपास 148 किलोचा होता. दुकानात तो वीतभर असतो. मग टाकी अपुरी पडते आणि कुणीतरी रात्री तलावात सोडून येतं. 2023 मध्ये भोपाळच्या बड्या तलावात हा मासा सापडला. तुम्ही म्हणाल, भोपाळ कुठे, झाशी कुठे! पण पावसाळ्यात भदभदाचे दरवाजे उघडले की ते पाणी कलियासोतमध्ये जातं, कलियासोत भोजपूरजवळ बेतव्याला मिळते, आणि बेतवा ओरछ्यावरून आमच्या पारीछा धरणात येते. तलावात सोडलेला मासा तलावातच राहील असं धरून चालू नका.

आणि म्हणून देशी कौआसुद्धा कंटाळा आला म्हणून नदीत सोडायचा नाही. टाकीतले रोग त्याच्यासोबत नदीत जातात. सांभाळणं जमत नसेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाला द्या. ओरछ्याचा काठ अभयारण्यात येतो, तिथून मासा पकडूनही आणायचा नाही.

तेव्हा विकत घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पूर्ण वाढ झाल्यावर तो मावेल का? त्याच्या तोंडात कोण मावेल? आणि माझी बदली झाली तर त्याला कोण सांभाळेल? तिन्हींची उत्तरं असतील तर जरूर आणा. दिवेलागणीला काडीसारखा उभा राहिलेला हा मासा पाहण्यात मोठं सुख आहे.

तुमच्या भागात याला काय म्हणतात ते मला नक्की कळवा.