प्रवासातील अपेक्षाभंग

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो: "जाण्यासारखे आहे का हो?" आणि त्याची उत्तरेही दोनच ठरलेली असतात. एक, "छे, नुसते नाव मोठे!" आणि दुसरे, "इतके सुंदर असेल असे वाटलेच नव्हते." गंमत अशी की, पुष्कळदा ही दोन्ही उत्तरे एकाच स्थळाविषयी, एकाच आळीतील दोन शेजाऱ्यांकडून ऐकावयास मिळतात. स्थळ तर जागचे हललेले नसते. मग हा फरक येतो कोठून?

"दुरून डोंगर साजरे" अशी एक म्हण आपल्यापाशी तयार आहे, आणि निराश झालेला प्रवासी तिच्याच आधाराने आपले समाधान करून घेतो. परंतु ही म्हण सारा दोष डोंगराच्या माथी मारते. डोंगर कसा आहे हे आपल्याला कोणी सांगितले, काय सांगितले, आणि आपण तेथे केव्हा गेलो, याची ती विचारपूस करीत नाही. आज मी ती विचारपूस करणार आहे, आणि त्यासाठी माझ्या आत्याची हकीकत सांगणार आहे.

माझ्या आत्याने बेळगावात एका मराठी प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवले. भूगोल हा तिचा आवडता विषय, आणि भूगोलात गिरसप्प्याचा धबधबा हा तिचा आवडता धडा. कानडीत याला जोग म्हणतात. आपल्या जुन्या शालेय पुस्तकांतून मात्र तो गिरसप्पा या नावानेच येत असे. शरावती नदी ८३० फुटांवरून कड्याखाली उडी घेते, आणि ती उडी चार धारांनी पडते. राजा सरळ, एका झेपेत, मध्ये कोठेही न टेकता खाली येतो. रोअरर गर्जना करीत खडकावरून वळतो. रॉकेट अग्निबाणासारखे फवारे सोडीत उतरते. राणी कड्याला बिलगून, फेसाची वस्त्रे सावरीत येते. आत्या फळ्यावर पांढऱ्या आणि निळ्या खडूने या चार धारा काढी, आणि "ऐका हं, आता आवाज ऐका," असे म्हणून वर्गाला क्षणभर गप्प बसवी. मीही त्या वर्गात बसलो आहे. त्या शांततेत मला खरोखरीच पाण्याचा आवाज ऐकू आला होता.

एवढे असून आत्याने स्वतः गिरसप्पा पाहिला नव्हता. घरची जबाबदारी होती, पगार बेताचा होता. ती सेवानिवृत्त झाली, आणि मी मिळवता झालो, तेव्हा मी तिला म्हटले, "आत्या, चल, तुझा धबधबा तुला दाखवतो." हे १९९१ साल. मला रजा मिळाली ती मुलांच्या शाळेला सुटी लागल्यावर, म्हणजे एप्रिलअखेर. सहलीची जुळवाजुळव ज्या गृहस्थांनी करून दिली त्यांच्या भिंतीवर धबधब्याचे एक भव्य रंगीत चित्र टांगलेले होते. त्यांनी आम्हांला ते चित्र दाखवले, पण महिना विचारला नाही. आम्हीही तो सांगितला नाही.

रात्रभर बसने प्रवास करून, सागर गावी गाडी बदलून, आम्ही सकाळी तेथे पोहोचलो. आत्याने ठेवणीतले इरकली लुगडे नेसले होते. ती कठड्यापाशी गेली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. समोर तपकिरी-काळा, उन्हाने तापलेला प्रचंड कडा उभा होता, आणि त्यावरून पाण्याच्या दोन बारीक रेघा ओघळत होत्या. चार धारांची नावे तिला तोंडपाठ. पण कोणते नाव कोठे ठेवावे हे कळेना. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, मी तीस वर्षं मुलांना खोटं शिकवलं की काय?"

श्रोतेहो, अपेक्षाभंग हा शब्द आपण सहज वापरतो. त्या सकाळी तो मला एका चेहऱ्यावर दिसला. चार पैसे फुकट गेले, दोन दिवस वाया गेले, एवढाच त्याचा अर्थ नव्हता. एका शिक्षिकेला आपल्या साऱ्या शिकवण्याविषयी शंका आली होती.

कठड्याजवळ एक वृद्ध चहावाला होता. आत्याचे शब्द नव्हे, पण चेहरा त्याला समजला असावा. तो कानडीत म्हणाला, "अज्जी, पाणी कुठे गेले म्हणून विचारता ना? ते तुमच्या घरी गेले आहे. दिवा लावता तेव्हा पाहा." आणि मग त्याने आम्हांला जे सांगितले, ते आम्ही बेळगावातच जाणून घ्यावयास हवे होते. धबधब्याच्या वरच्या अंगास लिंगनमक्की येथे शरावतीवर मोठे धरण आहे. ते १९६४ साली पुरे झाले. पावसाचे पाणी तेथे साठते, आणि विजेसाठी वळवले जाते. उन्हाळ्यात कड्याच्या वाट्याला उरते ते केवळ नावापुरते. पावसाळ्यात मात्र धरण भरून दारे उघडली की चारही धारा आपापल्या नावास जागतात. तेव्हाही धुके इतके दाटते की कित्येकदा तास दोन तास पांढऱ्या पडद्यापुढे बसून राहावे लागते. पडदा क्षणभर बाजूला होतो, तेवढ्यात पाहावयाचे. पाऊस ओसरू लागला की, आश्विनाच्या सुमारास, पाणीही असते आणि आकाशही मोकळे असते.

म्हणजे पुस्तक खोटे नव्हते, चित्र खोटे नव्हते, आणि आत्याही खोटी नव्हती. मात्र पुस्तकाने धरणाचा उल्लेख केला नव्हता, चित्राने महिना लिहिला नव्हता. आणि येथे एक विपरीत योगही लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे शाळांना मोठी सुटी असते ती वैशाखात, आणि नेमके तेव्हाच आपले धबधबे आटलेले असतात. ज्याला वर्षातून एकदाच कुटुंबासह बाहेर पडता येते, तो नोकरदार माणूस हटकून पाणी नसताना पाणी पाहावयास जातो. श्रीमंताचे काय, तो पुन्हा येईल. आयुष्यात एकदाच येणाऱ्याला मात्र अर्धवट सांगितलेली माहिती फार महाग पडते.

परतीच्या वाटेवर मी मनाशी ठरवले की, आत्याला आणखी एक स्थळ दाखवावयाचे, पण आधी नीट चौकशी करून. त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही विजापूरला गेलो. या शहराचे सरकारी नाव २०१४ सालापासून विजयपुर झाले आहे. आपल्या बोलण्यात मात्र ते विजापूरच राहिले आहे. तेथील गोलघुमटाविषयी माझे स्वतःचे मत त्या वेळी फारसे बरे नव्हते. शाळेच्या सहलीबरोबर मी तो भर दुपारी पाहिला होता. "एका टाळीचे सात प्रतिध्वनी" असे गुरुजींनी सांगितलेले. आम्ही चाळीस मुले वरच्या सज्जात शिरलो आणि चाळीसही एकदम ओरडलो. इतर सहलींची मुले आधीपासून ओरडतच होती. सात प्रतिध्वनी कोठले, नुसता कल्लोळ! कान बधिर करून आम्ही खाली आलो, आणि "काही नाही तिथे" असे घरी येऊन सांगितले. ते मत मी वीस वर्षे बाळगले.

या वेळी एका जाणत्या टांगेवाल्याने सांगितले, "बाई, पहाटे चला. दार उघडते तेव्हाच आत शिरायचे." आम्ही तसेच केले. इमारत बाहेरून पाहिली तर तिच्यात नाजूकपणा जवळजवळ नाही. नक्षी शोधणारा येथे निराश होणार. परंतु आत पाऊल टाकले की श्वास थांबतो. प्रत्येक बाजू सुमारे १३५ फुटांची अशी ती चौरस जागा, आणि मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी चौकोनाचे वर्तुळ होत जाते, आणि त्या वर्तुळावर तो अवाढव्य घुमट बसतो. खाली मुहंमद आदिलशहाची कबर आहे. तो १६५६ साली वारला. आपले शहाजीराजे १६३६ नंतर याच बादशहाच्या चाकरीत होते, हे आठवले म्हणजे मराठी माणसाला ती जागा परकी वाटत नाही.

कोपऱ्यातील मनोऱ्यांच्या पोटातून अरुंद जिना वर जातो. आत्या प्रत्येक मजल्यावर बसत, विसावा घेत चढली. वर सज्जात आमच्याखेरीज कोणी नव्हते. मी तिला एका बाजूस भिंतीशी बसवले आणि स्वतः फेरा घालून बरोबर समोर गेलो. मध्ये सव्वाशे फुटांच्या आसपास अंतर, आणि खाली ती खोल पोकळी. मी टाळी वाजवली. ती फिरत फिरत परत आली, पुन्हा आली, पुन्हा आली, आणि दर वेळी थोडी थोडी विरत गेली. मग शांतता झाली. आणि त्या शांततेत, माझ्या खांद्याशीच कोणी उभे असावे इतक्या जवळून, आत्याचा आवाज आला. ती भिंतीकडे तोंड करून अगदी हळू बोलत होती: "उतरताना हात धर हं. गुडघा फार दुखतोय."

जिना चढताना मी तिला चार वेळा विचारले होते, आणि चारही वेळा "काही होत नाही रे" असे तिने सांगितले होते. समोरासमोर जे ती बोलली नसती, ते तिने सव्वाशे फुटांवरून भिंतीला सांगितले, आणि भिंतीने ते मला पोहोचवले. प्रतिध्वनी मोजण्याचे मी विसरून गेलो. सात होते की आठ, हे मला आजही सांगता यावयाचे नाही.

खाली उतरलो तेव्हा उन्हे वर आली होती आणि पहिली सहल दारातून आत शिरत होती. थोड्याच वेळात तो ओळखीचा कल्लोळ ऐकू येऊ लागला. त्या घुमटात आवाज चटकन मरत नाही. पहिला विरण्यापूर्वी दुसरा आला की दोन्ही बिघडतात. यात वास्तूचा दोष काय? माझ्या वीस वर्षांच्या मताचा पाया हा एवढाच होता.

टांगेवाला म्हणाला, "आता रोझा बघू या." गोलघुमटासाठी आलेले अनेक जण तिकडे वळतच नाहीत, आणि आमच्याही यादीत त्याचे नाव नव्हते. शहराच्या पश्चिमेस, तटाबाहेर, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा हा रोझा. एकाच उंच जोत्यावर एकीकडे कबर, दुसरीकडे मशीद, आणि मध्ये हौद. १६२७ साली वारलेला हा बादशहा संगीताचा मोठा भोक्ता. दख्खनी भाषेत गीतांचा 'किताब-ए-नौरस' हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. गोलघुमटात जे नाही ते सारे येथे आहे. दगडी भिंतींवर अक्षरांची वेल चढलेली. खिडक्यांना जाळ्या आहेत त्याही अक्षरांच्याच, दगड कोरून आरपार केलेल्या, म्हणजे प्रकाश आत येतो तो अक्षरांतून गाळून येतो. आत्याला ती लिपी वाचता येत नव्हती. तरी ती एका खिडकीपाशी उभी राहून बोटाने, दगडाला न शिवता, हवेत ती वळणे गिरवीत राहिली. हात फळ्याला सरावलेला! "याचं कुणी काही सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आनंद होता.

येथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ज्या स्थळाची फार वाखाणणी होते ते आपल्यापाशी येते तेव्हा वाखाणणीच्या वजनाने आधीच वाकलेले असते. ज्याचे नाव कोणी घेत नाही ते हलके येते आणि मनात सहज शिरते. आता तर घराबाहेर पडण्यापूर्वीच आपण मोबाइलवर त्या स्थळाची शंभर चित्रे पाहतो, आणि ती सारी भरल्या पाण्याची, मोकळ्या आकाशाची आणि निर्मनुष्य अंगणाची असतात. चित्रात गर्दी नसते, धुके नसते, ऊन लागत नाही. यावर उपाय, अपेक्षाच ठेवू नये, असा कित्येक सांगतात. मला तो पटत नाही. अपेक्षा नसती तर आत्या घराबाहेर पडलीच नसती. उपाय आहे तो पूर्ण सांगण्याचा, आणि तो सांगणाऱ्याने करावयाचा आहे.

आपण प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या गावचे रहिवासी आहोत, आणि पाहुणे आपल्यालाच विचारतात. आमच्या बेळगावकरांनी गोकाकचा धबधबा जरूर सांगावा. पण पावसाळ्यात या, आणि घटप्रभेचे पाणी तेव्हा दुधासारखे नव्हे तर तांबूस, गढूळ असते, हेही सांगावे. मग पाहुणा ते तांबडे पाणी पाहून नाराज होणार नाही. तो त्याचे बळ पाहील. आणि किल्ल्यातील कमल बस्ती सांगावयास विसरू नये. रट्टांचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधविलेले ते जैन मंदिर बाहेरून साधेच दिसते. आत जाऊन मान वर केली की छतातून दगडाचे कमळ खाली उमललेले दिसते. त्याविषयी मात्र फार बोलू नये. "आत जाऊन वर पाहा," एवढेच सांगावे.

आत्या पुन्हा गिरसप्प्याला गेली नाही. गुडघ्याने ते होऊ दिले नाही. परंतु शेजारची मुले तिच्याकडे शिकावयास येत, त्यांना ती तो धडा शेवटपर्यंत शिकवीत असे. पाटीवर चार धारा ती पूर्वीसारख्याच काढी. आता त्यांच्या वरच्या अंगास ती धरणाची एक आडवी रेघ ओढी, खाली कोपऱ्यात दिव्याचे चित्र काढी, आणि मुलांना सांगे, "हे पाणी इकडेही जातं. तुम्ही जाल तेव्हा पावसाळा सरता सरता जा. आणि धुकं असलं तर घाई करू नका, बसून राहा." मग पूर्वीप्रमाणेच ती म्हणे, "आता आवाज ऐका." आणि मुले गप्प बसत.