निवडीच्या भिंतीवर आपल्या मुलांची चित्रे
(ईट येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



एका चित्रकला शिक्षकाला आपण बोलावलेत याबद्दल प्रथम आभार मानतो. आपल्या समाजात डॉक्टर, इंजिनियर, वकील यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. चित्रकलेचा विषय निघाला की मात्र वडीलधारी मंडळी विचारतात, "याने पोट भरेल काय?" प्रश्न चुकीचा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर द्यावयास मी उभा आहे.

मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 साली सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांच्या कामाचे वार्षिक प्रदर्शन भरते. अशा प्रदर्शनाचा अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. वर्षभर केलेल्या कामातून निवडक कामेच भिंतीवर लागतात. मग परीक्षक प्रत्येक कामासमोर उभे राहून रेषा, रंग, मांडणी आणि विचार पाहतात व बक्षिसे ठरवितात. बाप कोण, गाव कोणते, घरची शेती किती, हे कागदावरची रेषा सांगत नाही. ज्याच्यामागे वशिला नाही, त्या खेड्यातल्या मुलाला यासारखी दुसरी संधी नाही.

याची साक्ष इतिहास देतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. ते मुंबईला जाऊन ज. जी. मध्ये शिकले आणि 1888 साली त्यांनी व्हाइसरॉय पदक मिळविले. पुढे छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. कोल्हापूरच्या कोटितीर्थाची, रंकाळ्याची त्यांची निसर्गचित्रे आजही जाणकार आदराने पाहतात. दुसरे नाव मकबूल फिदा हुसेन यांचे. जन्म 1915 चा, आपल्या शेजारच्या पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी पोट भरले. 1947 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले आणि फलक रंगविणाऱ्या हाताकडे जग पाहू लागले.

आपल्यापैकी काहींच्या मनात चित्रे काढण्याविषयी धार्मिक संकोच असतो. त्यावर निवाडा देण्याचा अधिकार माझा नाही. परंतु कलाशिक्षण म्हणजे केवळ माणसांची चित्रे नव्हेत. सुलेखन, नक्षी, वस्त्ररचना, मातीकाम, धातुकाम, घराची अंतर्गत सजावट, जाहिरातीची व पुस्तकाची मांडणी, हे सारे त्यातच येते. विजापूरच्या इब्राहिम रोज्यावरील अक्षरे पाहा, आपल्याच जिल्ह्यातील नळदुर्गचा पाणीमहाल पाहा. ती कलाच होय. सणाला मेंदी काढणाऱ्या आपल्या मुलींच्या बोटांत जी रचना आहे, तिला शिक्षण मिळाले तर तो सन्मानाचा व्यवसाय होईल.

आता व्यवहाराचे बोलतो. शाळेत असतानाच मुलांना शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसवा. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुणांची सवलत मिळते. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची पदवी घेता येते. मुंबईबरोबरच नागपूरला आणि आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. मुलगा किंवा मुलगी तेथे जावो वा न जावो, एकदा त्यांना घेऊन तेथील विद्यार्थ्यांचे प्रदर्शन अवश्य पाहा. एस.टी.च्या तिकिटाचे पैसे वाया जाणार नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एकच सांगणे आहे. निवड असते तेथे नकारही असतो. ज्यांची चित्रे परत येतात त्यांची संख्या बक्षीस मिळविणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते. परत आलेले चित्र फाडू नका. ते घरी टांगा, भिंतीवर लागलेल्या चित्राशी ताडून पाहा, काय उणे राहिले ते शिक्षकांना विचारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा काम ठेवा. आणि पालकांनो, त्या दिवशी मुलाला "सांगितले होते ना!" असे म्हणू नका. परीक्षकाचा नकार मूल पचविते, घरातला नकार पचवीत नाही.

आपल्या शाळेनेही दरवर्षी असे छोटे प्रदर्शन भरवावे, बाहेरगावचा परीक्षक बोलवावा, आणि पालकांनी ते पाहावयास यावे, अशी मी संस्थेस विनंती करतो. सुतळी, टाचण्या आणि एक रिकामी खोली एवढ्यावर ते भागेल.

 जय हिंद, जय महाराष्ट्र!